घरासमोर डंपस्टर ठेवायचाय? आधी जागा ठरवा, मग परमिट

स्वयंपाकघराच्या कामासाठी आमचा पहिला डंपस्टर, म्हणजे राडारोडा भरायचा भाड्याचा मोठा लोखंडी डबा, शुक्रवारी सकाळी ड्राइव्हवेवर उतरला. दुपारी तीनच्या सुमाराला टाउनच्या अग्निशमन दलाचा एक अधिकारी हातात टेप घेऊन दारात उभा. त्याने गॅरेजच्या वळचणीपासून डब्याच्या कडेपर्यंत टेप धरली. आकडा आला साडेचार फूट. ‘दहा फूट हवेत. आणि परमिट दाखवा,’ तो म्हणाला. मी मोठ्या विश्वासाने बिल्डिंग परमिट पुढे केलं. त्याने ते नीट वाचलं, परत दिलं आणि सांगितलं की हे स्वयंपाकघराचं आहे, डंपस्टरचं वेगळं लागतं. शनिवार-रविवार डबा रिकामा उभा राहिला. सोमवारी ट्रक पुन्हा बोलावून तो सहा फूट सरकवून घेतला, त्या फेरीचे पैसे वेगळे भरले, आणि काम बुधवारी सुरू झालं. अधिकारी अतिशय सभ्य होता आणि त्याचं बरोबर होतं. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलं नव्हतं, एवढंच.

त्यानंतर बेसमेंट केलं, छप्पर केलं, दोन मित्रांच्या घरांत मदत केली. दर वसंतात आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर कोणी ना कोणी विचारतंच की डंपस्टर आणायचा तर परमिट लागतं का? त्या सगळ्या उत्तरांचं हे एकत्र लिखाण. मी मॅसॅच्युसेट्समधलं लिहितोय, वूस्टर आणि बॉस्टनच्या मधल्या पट्ट्यातलं. श्रूजबरी, वेस्टबरो, ॲशलंड, हॉपकिंटन या गावांत आपली पुष्कळ कुटुंबं आहेत आणि साठ-सत्तरच्या दशकांतली घरं विकत घेऊन ती हळूहळू दुरुस्त करताहेत. दुसऱ्या राज्यात असाल तर अग्निशमन दलाचा भाग बदलेल, बाकी क्रम बहुतेक हाच राहील.

राडारोडा कुठे जाणार, हे इथे आधी विचारतात

आपल्याकडे फ्लॅटचं काम काढलं की मुकादम गोण्या भरतो, जिन्याखाली रचतो आणि एक दिवस टेम्पो येऊन त्या घेऊन जातो. त्या पुढे कुठे जातात हे आपण विचारत नाही. पुण्यात नदीकाठी राडारोड्याचे जे ढीग दिसतात ते अशाच न विचारलेल्या गोण्यांचे असतात. मॅसॅच्युसेट्समध्ये हा प्रश्न भिंतीवर पहिला हातोडा पडायच्या आधी विचारला जातो. राज्याच्या कायद्यातल्या प्रकरण ४०, कलम ५४ नुसार बिल्डिंग परमिट देतानाच अट घातली जाते की निघणारा राडारोडा परवानाधारक ठिकाणीच गेला पाहिजे. अर्जासोबत तसं एक पान भरून द्यावं लागतं. त्यावर कोण नेणार आणि कुठे नेणार हे लिहायचं असतं.

पुष्कळ जण ते पान काँट्रॅक्टरकडून भरून घेतात आणि न वाचता सही करतात. तुम्ही वाचा. त्यावर जिचं नाव असेल तीच कंपनी डबा आणणार आहे का, एवढं तरी बघा.

जागा: सगळी परमिटं इथून ठरतात

डबा कुठे उभा राहणार हे कळल्याशिवाय कोणालाही फोन करण्यात अर्थ नाही, कारण पलीकडून पहिला प्रश्न तोच येतो. टेप घेऊन बाहेर जा. २० यार्डांचा (म्हणजे २० घनयार्ड माल मावणारा) डंपस्टर साधारण २२ फूट लांब आणि ८ फूट रुंद असतो. १० यार्डांचा लांबीला सुमारे १२ फूट. पण जागा फक्त डब्याची मोजून भागत नाही. ट्रक मागे घेत येतो, मागची फळी तिरकी उचलतो आणि डबा लोखंडी चाकांवरून घसरत खाली येतो. त्यासाठी सरळ रेषेत साधारण ६० फूट लागतात, आणि वर २० ते २५ फूट मोकळं आभाळ. खांबावरून घरात येणारी विजेची तार, केबल, मेपलची वाकलेली फांदी हे सगळं मान वर करून बघा.

मग चार अंतरं बघा.

घरापासून १० फूट. अग्निशमन संहितेनुसार डंपस्टर पेट घेऊ शकणाऱ्या भिंती, खिडक्या-दारं आणि लाकडी वळचण यांपासून १० फूट लांब हवा. इथली बहुतेक घरं लाकडाची, त्यामुळे हा नियम जवळपास सगळ्यांना लागू होतो. बाहेरून विनाइल साइडिंग, म्हणजे प्लास्टिकचं आवरण, लावलेलं असलं तरी आत लाकूडच असतं. अंतर भिंतीपासून मोजू नका. वळचण बाहेर आलेली असते, तिच्यापासून मोजा. आमचं चुकलं ते नेमकं इथेच.

सेप्टिक टँक. गावाची सांडपाण्याची वाहिनी नसेल तर अंगणात कुठेतरी टाकी आणि शोषक्षेत्र (टाकीतलं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या नळ्यांची जागा) असणारच. हिरवळीवरून ट्रक नेला तर त्याचं वजन त्या झाकणावर किंवा नळ्यांवर येतं. घर घेताना मिळालेल्या कागदांत टाकीचा नकाशा असतो. नसेल तर टाउनच्या आरोग्य विभागाकडे मागा.

ओलसर जमीन. घरामागे ओढा, तळं किंवा पाणथळ असेल तर त्याच्या कडेपासून १०० फुटांच्या पट्ट्यात आणि नदीपासून २०० फुटांच्या आत गावाच्या कॉन्झर्व्हेशन कमिशनचा, म्हणजे अशा जमिनी सांभाळणाऱ्या समितीचा, अधिकार चालतो. डबा त्या पट्ट्यात येत असेल तर आधी त्यांच्याशी बोला. फोन साधा असतो आणि माणसं समजून घेणारी असतात. न विचारता ठेवलात तर मात्र प्रकरण लांबतं.

आणि फायर हायड्रंट. त्याच्या १० फुटांत गाडीसुद्धा उभी करता येत नाही, मग डबा कुठला.

एवढं झाल्यावर तुमच्याकडे एक उत्तर असेल: डबा ड्राइव्हवेवर मावतोय, किंवा तो रस्त्यावर ठेवावा लागणार. ड्राइव्हवे आखूड असेल तर मोठ्या डब्याचा हट्ट सोडा आणि १० यार्डांचा दोनदा मागवा. रस्त्याचं परमिट, विमा, अडथळे यांच्या खटपटीपुढे दुसऱ्या फेरीचे पैसे परवडतात, असा माझा अनुभव आहे.

कोणाला विचारायचं

अग्निशमन दल. बाहेरून आलेल्यांना हीच गोष्ट सर्वांत अनोळखी वाटते. मॅसॅच्युसेट्सच्या अग्निसुरक्षा नियमावलीनुसार, म्हणजे ५२७ सीएमआर १.०० नुसार, ६ घनयार्ड किंवा त्याहून मोठ्या डंपस्टरला स्थानिक अग्निशमन दलाचं परमिट लागतं. तुमच्या स्वतःच्या ड्राइव्हवेवर असला तरी. भाड्याने मिळणारा सगळ्यांत लहान लोखंडी डबा सहसा १० यार्डांचा, म्हणजे यातून सुटका नाही. काही गावांत हे परमिट डंपस्टरची कंपनी काढते, काही गावांत घरमालक. अर्ज आता बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन असतो. एक छोटासा आराखडा मागतात: घर, ड्राइव्हवे, डब्याची जागा आणि अंतरं. मी वहीच्या पानावर पेन्सिलने काढून फोटो पाठवला होता, तो चालला.

हे कशासाठी, असं पुष्कळांना वाटतं. डब्यात सुकं लाकूड, कागद, रंगाचे रिकामे डबे, पॉलिशची फडकी एकत्र पडतात. जवसाच्या तेलाचं पॉलिश पुसलेली फडकी चुरगळून टाकली तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात. रात्री दोन वाजता डब्याला आग लागली आणि डबा वळचणीखाली असला तर ती थेट छपरात शिरते. टेप घेऊन आलेल्या त्या माणसाने मला हे उभ्या उभ्या समजावलं, आणि तेव्हापासून हे परमिट मला ओझं वाटलेलं नाही.

सार्वजनिक बांधकाम विभाग. डबा रस्त्यावर, फुटपाथवर किंवा दोघांच्या मधल्या गवताच्या पट्टीवर येणार असेल तर इथे अर्ज. ती गवताची पट्टी तुम्ही कापत असलात तरी ती बहुतेक वेळा टाउनची असते, हे लक्षात ठेवा. काही गावांत हे काम पोलीस खात्याकडे किंवा सिलेक्ट बोर्डाकडे (गावाचा कारभार बघणाऱ्या निवडून आलेल्या मंडळाकडे) असतं. रस्त्याच्या परमिटसाठी कंपनीचं विमा प्रमाणपत्र मागतात आणि त्यात टाउनचं नाव घातलेलं हवं असतं. ते कंपनीने विमावाल्याकडून मागवायचं असतं आणि त्याला दोन-चार दिवस जातात. रात्री दिसावा म्हणून डब्याला परावर्तक पट्ट्या, कोपऱ्यांवर शंकू किंवा अडथळे लागतात. घर रूट ९ सारख्या राज्याच्या रस्त्यालगत असेल आणि डबा त्या रस्त्याच्या हद्दीत येत असेल तर टाउनचं परमिट पुरत नाही, राज्याच्या वाहतूक विभागाकडे, म्हणजे मासडॉटकडे जावं लागतं.

हिवाळ्यातली एक गोष्ट. अनेक गावांत नोव्हेंबर-डिसेंबरपासून मार्चअखेरपर्यंत रात्री रस्त्यावर गाडी ठेवायला बंदी असते, कारण बर्फाचे नांगर फिरतात. त्या काळात रस्त्यावर डंपस्टर मिळणं जवळपास अशक्य. छपराचं किंवा स्वयंपाकघराचं काम एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये बसवा.

बिल्डिंग विभाग. काम मोठं असेल तर बिल्डिंग परमिट लागतंच, आणि राडारोड्याचं ते पान त्याच अर्जात येतं. नुसतं बेसमेंट आवरायचं असेल, काही फोडायचं नसेल, तर बिल्डिंग परमिटची गरज नाही. अग्निशमन दलाचं मात्र तरीही लागतं.

काँडो किंवा टाउनहाउसमध्ये राहत असाल तर विश्वस्त मंडळाची लेखी परवानगी. आपल्या सोसायटीच्या एनओसीसारखीच, फक्त इथे ‘सेक्रेटरीकाका हो म्हणाले’ यावर भागत नाही. ईमेल घ्या. तिथला ड्राइव्हवे बहुधा सामायिक असतो, म्हणून तारखा आणि पार्किंगच्या नेमक्या जागा त्यात लिहून घ्या.

फोन करायचा संकोच वाटत असेल तर एवढंच बोला: ‘अमुक पत्त्यावर एका कुटुंबाचं घर आहे. पंधरा यार्डांचा डंपस्टर दहा दिवस ड्राइव्हवेवर ठेवायचा आहे. घरापासून बारा फूट राहतो. परमिट कोण काढतं, मी की कंपनी? किती दिवस आधी अर्ज करायचा? जागा बघायला तुम्ही येणार का?’ माझ्या अनुभवात हा फोन चार मिनिटांत संपतो. ज्याने उत्तर दिलं त्याचं नाव आणि तारीख टिपून ठेवा.

हे सगळं डबा यायच्या दोन आठवडे आधी सुरू करा. रस्त्यावर ठेवायचा असेल तर तीन.

किती यार्ड? ब्रासमध्ये मोजून बघा

यार्ड ऐकून माझ्या डोळ्यांसमोर काहीच उभं राहायचं नाही. मग हिशेब केला. एक घनयार्ड म्हणजे २७ घनफूट, आणि आपला एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. १० यार्डांचा डबा २.७ ब्रास, २० यार्डांचा ५.४ ब्रास, ३० यार्डांचा ८.१ ब्रास. गावाकडे घर बांधताना ज्याने वाळू-मुरूम उतरवून घेतलाय त्याला हे लगेच दिसेल.

एक न्हाणीघर किंवा लहान स्वयंपाकघर १० यार्डांत बसतं. मोठं स्वयंपाकघर आणि सोबत फरशी असेल तर १५. पूर्ण बेसमेंट २०.

पण डबा भरायच्या आधी वजन भरतं, आणि पैसे तिथे वाढतात. भाड्यात ठरावीक टन धरलेले असतात. १० यार्डांना बहुधा दोनच्या आसपास. त्यावर प्रत्येक जादा टनाला वेगळा दर. इथला टन २००० पौंडांचा, म्हणजे साधारण ९०७ किलो. आता हे बघा. अर्धा इंच जाडीच्या जिप्सम बोर्डाचा ४ बाय ८ फुटांचा एक तक्ता सुमारे ५० पौंड. असे ४० तक्ते निघाले की एक टन झाला, आणि एका बेसमेंटमधून ४० तक्ते सहज निघतात. छपराचे साधे डांबरी शिंगल १०० चौरस फुटांना २०० ते २५० पौंड. २००० चौरस फुटांचं छप्पर असेल तर एका थराचेच दोन ते अडीच टन. जुन्या घरांवर दोन थर असतात, मग दुप्पट धरा. आणि काँक्रीट: एका सलग घनयार्डाचं वजन ४००० पौंडांच्या आसपास, म्हणजे दोन टन. अंगणातल्या काँक्रीटच्या पायऱ्या फोडून टाकल्यात तर डब्याच्या तळाशी पसरलेल्या त्या ढिगानेच तुमची मर्यादा संपते. काँक्रीट, वीट, माती यांसाठी कंपन्या वेगळा डबा देतात. मिसळू नका.

पाण्याचंही वजन असतं. आमच्या बेसमेंटचं कार्पेट आम्ही आधी टाकलं आणि त्या रात्री पाऊस झाला. सकाळी एक गुंडाळी दोघांना उचलेना. डब्यावर ताडपत्री घालणं हे अग्निशमन दलही सांगतं आणि वजनाची पावतीही.

राडारोडा थोडा असेल तर हिरवी बॅगस्टर पिशवी बघा. होम डेपोसारख्या दुकानात मिळते, ३ घनयार्ड माल आणि ३३०० पौंडांपर्यंत वजन घेते. ६ यार्डांच्या खाली असल्यामुळे राज्याच्या त्या परमिटच्या मर्यादेत ती येत नाही. एका न्हाणीघराला पुरते. ती उचलायला यारीचा ट्रक येतो, म्हणून ट्रक उभा राहील तिथून हात पोचेल अशी ठेवा आणि वर तारा नाहीत हे बघा.

डब्यात काय जात नाही

इथे मॅसॅच्युसेट्स बरंच कडक आहे. डांबर, वीट, काँक्रीट, धातू आणि लाकूड यांची थेट विल्हेवाट लावायला २००६ पासून बंदी आहे, स्वच्छ जिप्सम बोर्डाला २०११ पासून. म्हणजे हा माल कचराभूमीत जाऊ शकत नाही. तो आधी वेगळा करून पुनर्वापराला जावा लागतो. या नियमाने तुमच्या डब्यात हे सगळं एकत्र असलं तरी चालतं (काँक्रीट-विटा वेगळ्या ठेवायच्या त्या वजनामुळे), पण कंपनीने तो डबा वर्गीकरण केंद्रावर न्यायला हवा. म्हणून विचारा: ‘तुम्ही माल कुठल्या केंद्रावर नेता?’ ज्या कंपनीला या प्रश्नाचं उत्तर पटकन देता येत नाही, तिच्याकडून डबा घेऊ नका. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने स्वस्त पडतो म्हणून असा डबा घेतला आणि शेवटी बिल्डिंग विभागाने पावती मागितली तेव्हा दाखवायला काही नव्हतं.

१ नोव्हेंबर २०२२ पासून गाद्या आणि कापड यांवरही बंदी आली. कापडात कपडे, चादरी, पडदे सगळं आलं. आपल्या बेसमेंटमध्ये हे असतंच. भारतातून आणलेल्या बॅगांत जुन्या साड्या, मुलांची झबली, आईने पाठवलेली आणि न वापरलेली पांघरुणं. ती डब्यात टाकू नका. कापड घेणाऱ्या पेट्या गावोगावी आहेत. आणि चांगल्या सुती साड्या असतील तर ठेवा. सुट्टीत गावी नेऊन गोधडी शिवून घ्या. आमच्या दोन झाल्या आहेत, दोन्ही रोजच्या वापरात.

फ्रिज, वॉशर, ड्रायर, टायर, गाडीच्या बॅटऱ्या, जुने पेटीसारखे टीव्ही, प्रोपेनच्या टाक्या, पातळ रंग, थिनर हे काहीही नाही. फ्रिजमधला वायू नीट काढून घ्यावा लागतो. नवा फ्रिज घेताना दुकानदार जुना नेतो का ते आधीच ठरवा. रंग-रसायनांसाठी टाउन वर्षातून काही दिवस ठरवून देतं, त्यांच्या कॅलेंडरवर बघा.

ॲस्बेस्टॉसबद्दल, म्हणजे जुन्या बांधकाम मालातल्या घातक तंतूंबद्दल, थांबून वाचा. १९८० च्या आधीचं घर असेल आणि फरशीला ९ इंची चौकोनी टाइल, छताला खडबडीत फवारणी किंवा बॉयलरच्या नळ्यांवर पांढरं प्लास्टरसारखं वेष्टन असेल, तर त्याला हात लावायच्या आधी परवानाधारक तपासनिसाकडून नमुना तपासून घ्या. निघालं तर ते काम परवानाधारक माणसांचं आहे, आणि काम सुरू होण्याच्या १० कामकाजाच्या दिवसांआधी राज्याच्या पर्यावरण विभागाला सूचना द्यावी लागते. हा माल तुमच्या डंपस्टरमध्ये कधीही जात नाही. फोडल्यावर कळलं तर धूळ घरभर झालेली असते, आणि त्या घरात आपली मुलं झोपतात. यात पैसे वाचवू नका.

उलट बाजूला, चांगल्या वस्तू डब्यात टाकून त्यांच्या वजनाचे पैसे भरू नका. जुनी पण धड कपाटं, दारं, सिंक हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या सेवाभावी संस्थेच्या रीस्टोअर दुकानांना देता येतात. वेलस्लीसारख्या काही गावांच्या कचरा केंद्रावर ‘हवं तर घ्या, नको तर ठेवा’ असा कोपराच असतो. तुमच्या गावात आहे का ते विचारा. आमचं पहिलं झोपाळ्याचं आसन तिथूनच आलं.

कंपनीकडून लेखी काय घ्यायचं

भाडं किती दिवसांचं, आणि पुढच्या प्रत्येक दिवसाला काय. किती टन धरलेत, जादा टनाचा दर. फेरी फुकट गेली तर किती: ट्रक आला आणि ड्राइव्हवेवर गाडी उभी असल्यामुळे परत गेला, तर त्याचे पैसे तुमच्याकडूनच घेतात. अग्निशमन दलाचं परमिट कोण काढतंय. ड्राइव्हवेला भेग पडली तर कोण जबाबदार. याचं उत्तर बहुतेक वेळा ‘तुम्ही’ असं असतं, म्हणून आधी फोटो काढून ठेवा. आणि माल कुठे जातो ते.

डबा येतो त्या दिवशी

आदल्या रात्री गाड्या रस्त्यावर नाहीतर शेजाऱ्यांकडे लावा. गॅरेजमध्ये ठेवलेली गाडी पुढचे दहा दिवस अडकेल, हे बऱ्याच जणांना सकाळी आठ वाजता आठवतं. जिथे डबा टेकणार तिथे पाऊण इंची प्लायवूडचे तुकडे किंवा जाड फळ्या टाका. उन्हाळ्यात डांबर मऊ होतं आणि लोखंडी चाकं त्यात रुततात. आमच्या ड्राइव्हवेवर पहिल्या डब्याचे दोन खळगे अजून आहेत. पावसात तिथे पाणी साचतं.

ट्रक आला की बाहेर जा. डब्याच्या एका टोकाला बिजागऱ्यांचं दार असतं. ते घराकडे हवं, म्हणजे जड सामान चालत आत नेता येतं. चालकाला हे उतरवायच्या आधी सांगा. नंतर तो डबा फिरवू शकत नाही. खडूने १० फुटांची रेघ आधीच मारून ठेवा. दुसऱ्या वेळी मी मारली होती. चालकाने आरशात बघत डबा बरोबर त्या रेघेवर आणून टेकवला आणि खाली उतरून म्हणाला की असं कोणी केलं की त्याचं काम सोपं होतं.

परमिटची प्रत डब्याजवळच्या खिडकीला आतून लावा. शेजाऱ्यांना दोन दिवस आधी सांगून ठेवा, किती दिवस आणि सकाळी किती वाजता आवाज होईल ते. आमच्या उजव्या बाजूच्या आजी रात्रपाळीच्या परिचारिका होत्या. सांगितल्यावर त्यांनी झोपायची खोली बदलली आणि आम्ही फोडाफोडी दुपारी दोननंतर ठेवली.

तारीख ठरवताना सण बघा. गणपतीला तीस माणसं येणार आणि ड्राइव्हवे डब्याने भरलेला, हे एका मित्राचं झालं होतं.

भरताना

दारं, कपाटांच्या पाठी, प्लायवूड असं सपाट सामान आधी कडेने उभं रचा. जड माल तळाला आणि सगळीकडे सारखा पसरून, एका टोकाला ढीग नको. ट्रक उचलताना डबा तिरका होतो. कपाटं तशीच टाकलीत तर अर्धा डबा हवेने भरतो. खिळे काढून, फळ्या सुट्या करून टाका. माल काठाच्या वर जाता कामा नये. वर गेला तर चालक उचलत नाही, कारण रस्त्यावर पडला तर दोष त्याच्यावर येतो, आणि तुम्हाला फेरीचे पैसे पडतात.

रोज संध्याकाळी दार बंद, ताडपत्री ताणून बांधलेली. याचं आणखी एक कारण आहे. उघडा डबा दिसला की लोक रात्री येऊन आपला कचरा टाकतात. बेसमेंटच्या वेळी एका सकाळी आमच्या डब्यात कोणाची तरी मोठी गादी आडवी पडलेली होती. नियमाने तिचे पैसे आम्हाला बसले असते. आम्ही ती बाहेर काढून गॅरेजमध्ये ठेवली आणि टाउनच्या गादी संकलनात दिली. मुलांना मात्र पहिल्याच दिवशी बजावा: त्यात चढायचं नाही. उघड्या दाराचा डबा त्यांना किल्ल्यासारखा दिसतो, आणि आत खिळे वर तोंड करून असतात.

उचलून नेताना

उचलायच्या दोन दिवस आधी फोन करा. ट्रक मागाल त्या दिवशी मिळतोच असं नाही, आणि परमिटची मुदत त्या आधी संपत असेल तर वाढवून घ्या. गाड्या पुन्हा बाहेर. डबा गेल्यावर ड्राइव्हवेवरून चाकांचं मोठं चुंबक फिरवा, हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. आमच्या पहिल्या फेरीत मूठभर खिळे निघाले, आणि गवताच्या कडेने आणखी तेवढेच.

आठवडाभरात कंपनीकडून वजनाची पावती मागा. त्यावर तारीख, टन आणि केंद्राचं नाव असतं. जादा वजनाचं बिल आलं तर ती पावती जुळवून बघा. आमच्या छपराच्या वेळी दुसऱ्याच कोणाचा डबा आमच्या नावावर लागला होता आणि तारखेवरून ते सापडलं. मग ती बिल्डिंग परमिटच्या फाइलमध्ये लावून ठेवा. शेवटच्या तपासणीला निरीक्षक आला की स्वयंपाकघर बघून झाल्यावर तो ती मागू शकतो.